चढाखालचा ठिपका

सकाळी सकाळी गिरणीत भांडण पेटलं. गिरणीवाल्या मावशीचा दीर वायरमन. तो पक्कड घेऊन उभा.

"वहिनी, दिवसाला चार डबे दळण येतं. त्यासाठी थ्री फेजची लाइन कशाला? तोडण्याचा अर्ज देऊन टाकू."

"आधी माझा हात तोड! लाइन गेली तर मी काय, वारा दळू?"

तेवढ्यात रस्त्यावरून कुणी तरी ओरडलं. चढाखाली एक मोटार बंद पडली होती आणि एक साहेब एकटाच तिला ढकलत होता. दळणाला आलेल्या आम्ही पाचजणी डबे टाकून धावलो. जोर लावला, गाडी हलली, आणि मधेच एकीला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. गाडी परत चार हात मागं! शेवटी कशीबशी ती गिरणीच्या दारात आणली.

गाडी बॅटरीवरची. आणि साहेब कोण? तर रस्त्यावर चार्जिंगची ठिकाणं कुठं बसवायची, ते ठरवणारा!

"हिशेबानं पोचायला हवं होतं हो," तो धापा टाकत म्हणाला. "पण हा चढ, त्यात समोरचा वारा. बॅटरी पिऊन टाकली."

वायरमननं गिरणीच्या बोर्डावरून वायर ओढून दिली. चार तास लागणार होते. साहेब तासभर बसला, मग कंटाळून दळणाला हात लावू लागला. बघता बघता भुवयांपर्यंत पांढरा झाला. त्याच हातांनी त्यानं नकाशा उघडला. शहरात ठिपक्यांची नुसती दाटी, आणि आमच्या बाजूला कोरा कागद.

"पुढचं ठिकाण डोंगरावरच्या गावात करायचंय. तिथं जागा ऐसपैस आहे. तिकडंच निघालो होतो."

मावशीनं गिरणी बंद केली. "साहेब, तुम्ही पोचलात का त्या गावात?"

"नाही ना."

"मग? माणूस जिथं अडतो तिथं ठिपका काढा की! वर पोचलेल्याला तुमची काय गरज? विजेची डीपी माझ्या भिंतीला लागून आहे, लाइन आहे, जागा देते. आणखी काय हवं?"

साहेब असा हसला, की मिशांतलं पीठ उडून वायरमनच्या डोळ्यात गेलं.

त्याच्या एकट्याच्या हातात काही नव्हतं म्हणा. मोजणारे दोनदा आले, वरच्या गावानंही जोर लावला. मावशीनं प्रत्येकाला तो चढ पायी चढायला लावला. चौथ्या महिन्यात गिरणीच्या भिंतीशी चार्जिंगचा खांब उभा राहिला.

पहिली गाडी आली ती एका नवराबायकोची. मावशीनं नळी लावली, दिवा लागला, आणि आम्ही अख्खा रस्ता दणाणेल अशा टाळ्या पिटल्या. बाई घाबरून खाली उतरली.

"किती वेळ लागेल?"

"पाऊण तास."

"तोवर इथं बघण्यासारखं काय आहे?"

मावशीनं केसांवरचं पीठ झटकलं, कमरेवर हात ठेवले.

"मी आहे की!"