अंगणातलं छोटं घर

"मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही जण खरं मानणार नाही," म्हाताऱ्या एवारिस्तोनं पाव चहात बुडवत जाहीर केलं. "मानलंत तर माझी होडी तुमची."

"नको, ताता. होडीत बसायचं तर पोहताही यायला हवं," सेगुंदो म्हणाला, आणि दुकानात हशा पिकला.

सेनिसा ही वस्ती म्हणजे वीस-बावीस घरं. पुढे समुद्र, मागे बोडका डोंगर, आणि मधल्या वाळूत पाऊस म्हणजे फक्त ऐकीव गोष्ट. छपरं पातळ फळ्यांची, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवलेले. गळतीची भीती कुणाला नाही. दिवसभर समुद्रशेवाळ वाळवायचं आणि संध्याकाळी रुफिनाच्या दुकानात चहा-पावाला जमायचं, हा इथला रिवाज. चहा रुफिनाचा, थापा एवारिस्तोच्या; त्याला सगळे ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणत. एकदा म्हणे धुकं इतकं दाटलं, की तो त्यावरूनच होडी वल्हवत टेकडीवरच्या देवळापर्यंत गेला आणि घंटेच्या दोरीला गळ बांधून तीन मासे काढले. ही थाप त्याने वीस वर्षं सांगितली. मासे तीनाचे अकरा झाले.

आज मात्र त्याला थाप सांगायची नव्हती. दुपारी रेडिओवर सांगितलं होतं, की वर पर्वतात उबदार ढग अडकलेत, परवा तिकडे पाऊस पडेल. बाकीच्यांनी ऐकलं आणि शेवाळ उलटवायला गेले. पाऊस तिकडे पडणार, आपल्याला काय त्याचं? एकटा एवारिस्तो हातातला वाडगा खाली ठेवून उठला.

समोरच नेलिदाबाई बसल्या होत्या. कोपियापो शहरातल्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून एवारिस्तोचंच घर विकत घेतलं होतं. त्या पैशांतून एवारिस्तोनं नवे दात बसवले आणि वरच्या रस्त्याकडेला खोपट बांधलं. तेव्हापासून घास चावताना दर वेळी त्याला ते घर आठवायचं.

घर बघायला आल्या तेव्हा बाईंनी सगळं विचारलं होतं. शेजार शांत आहे ना? स्मशानाइतका. भरतीचं पाणी दारात येतं का? कधीच नाही. समुद्रकाठी घर घेणारा माणूस समुद्राला भितो. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. बाईंनीही विचारलं नाही.

ते घर होतं कोरड्या ओढ्याच्या पात्रात. वाळू सपाट, वारा कमी, म्हणून त्याच्या बापाने तिथंच बांधलं. एवारिस्तो सात वर्षांचा असताना, आकाश निरभ्र असताना, ओढा आला. पाऊस कुठे लांब वर पडला होता. चिखल खिडकीपर्यंत चढला आणि चार वर्षांच्या देल्फिनाला, त्याच्या बहिणीला, घेऊन गेला. बापानं अंगणात पत्र्याचं हातभर उंचीचं घर उभारलं. या भागात माणूस जिथं प्राण सोडतो तिथं असं छोटं घर बांधतात, जिवाला डोक्यावर छप्पर असावं म्हणून. जिवंत माणसाचं घर हलवावं, मेलेल्याचं हलवू नये, असं सगळेच मानतात. बाकीचे लोक तेव्हाच वस्ती सोडून गेले. आताचे शेजारी शेवाळाच्या मागे आले, तीस वर्षांनी. उंच कुंपणाआड एवारिस्तो दर सोमवारी कोणासाठी मेणबत्ती लावतो, हे त्यांना कधी कळलं नाही.

बाईंच्या आधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांनी ते छोटं घर पाहिलं, कोण गेलं आणि कशानं, असं विचारलं. एवारिस्तोनं खरं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलला आणि पहिल्यांदाच लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. गिऱ्हाइकं गेली. मग बाई यायच्या आदल्या पहाटे त्यानं बहिणीचं घर उपटलं, हातगाडीवर घातलं आणि वर रस्त्याकडेला नेऊन रोवलं. भिंतीवरची चिखलाची रेघ चुन्यानं झाकली.

आज दुपारी तो बाईंच्या फाटकात उभा राहिला होता. "बाई, दोन-तीन दिवस माझ्या खोपटात झोपा. मी होडीत झोपेन. पाणी येणार आहे."

बाई जिरेनियमच्या कुंडीत भांडी धुतलेलं पाणी घालत होत्या. "किती उंच, ताता? वर सील माशांचं वऱ्हाड असेलच."

त्यांनी त्याला एक संत्रं दिलं आणि फाटक लावून घेतलं. ते संत्रं अजून त्याच्या खिशात होतं. आता त्याच्याजवळ एकच हत्यार उरलं होतं: गोष्ट. स्वतःच्या नावावर खरं बोलायची हिंमत होत नव्हती. दुसऱ्याच्या नावावर बोललं तर निदान कानावर तरी पडेल.

"तिकडे उत्तरेला," तो म्हणाला, "दुसऱ्या एका वस्तीत माझा एक मित्र होता. त्याचं घर ओढ्यात होतं."

"मित्राला नाव आहे की नाही?" रुफिनानं किटली ठेवत विचारलं.

"आहे. गॉदेन्सिओ."

"परवा गॉदेन्सिओ तुमचा काका होता, त्याला देवमाशानं गिळलं होतं."

"तो वेगळा. मध्ये बोलू नकोस, रुफिना." त्यानं घसा खाकरला. "तर या मित्रानं घर एका बाईला विकलं. भली बाई. ओढा कधी ना कधी परत येतो, हे त्याला ठाऊक होतं. अंगणात त्याच्या बहिणीचं छोटं घर होतं. बाईला कळू नये म्हणून त्यानं ते हलवलं."

दुकानातलं हसू जरा ओसरलं. "हे मात्र नाही पटत, ताता," सेगुंदो म्हणाला. "देवमासा गिळेल, धुक्यावर होडी चालेल. पण मेलेल्याचं घर कुणी हलवत नाही. इतका नालायक माणूस कुठे असतो?"

"असतो," एवारिस्तो म्हणाला. त्याला पुढे थापेला साजेल असं काहीतरी जोडायचं होतं, एखादा सील, एखादी घंटा. जिभेवर काहीच आलं नाही. "पुढे पर्वतात पाऊस पडला. मित्राला दोन दिवस आधी कळलं. तो बाईला सांगायला गेला. पण बाई हसली, कारण तो जन्मभर…"

"ताता," नेलिदाबाई म्हणाल्या. पेला त्यांनी बशीत ठेवला होता, आवाज न करता. "माझ्या अंगणात कुंपणाशी एक जागा आहे. तिथं काही रुजत नाही. खणलं की मेण निघतं. वीतभर खोल, थरावर थर. मला वाटलं, आधीच्या मालकाला मेणबत्त्या सांडायची सवय असेल."

रुफिनानं रेडिओचा आवाज कमी केला.

"तुमचा उत्तरेला कुणी मित्र नाही. हे तुम्ही खोटं बोललात." बाई उठल्या आणि शाल खांद्यावर घेतली. "बाकीचं सगळं खरं आहे. चला आता, माझा पलंग वर न्यायचाय. एक बाजू तुम्ही धरायची."