उघड्या डोक्याने ड्यूटीवर

भाऊजींची कवटी उघडी होती आणि भाऊजी जागे होते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी मुद्दाम केल्या होत्या.

भाऊजी कोर्टात दुभाषी. गाठ नेमकी मेंदूतल्या बोलण्याच्या भागाला चिकटलेली. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, "दोन्ही भाषा एकाच घरात राहतात. बरंचसं सामाईक. पण मागाहून शिकलेल्या भाषेच्या एखाददोन खोल्या वेगळ्या निघतात. कुठली कुणाची, ते जाग्या माणसालाच विचारावं लागतं." म्हणजे डॉक्टर मेंदूला सौम्य विजेची तार टेकवणार, भाऊजी चित्रं ओळखणार. शब्द अडला की त्या जागेला हात लावायचा नाही. परकी भाषा तपासायला मी, कारण भाऊजींनी ती मला शिकवली होती, तीही टोमणे मारत. ताई बाहेर बसली होती. तिला फक्त आपलीच भाषा येते.

छत्री, कात्री, बदक. दोन्ही भाषांत बरोबर.

"शालकबुवा, बालवाडीतली चित्रं उचललीत का?" भाऊजी म्हणाले.

मग त्यांचा क्षणभर डोळा लागला. उघडला, तेव्हा मी शिडी दाखवली. भाऊजी गप्प. डॉक्टरांनी तार उचलली. तरी गप्प.

"शब्द सुचत नाहीये का?" डॉक्टरांनी मागून विचारलं.

भाऊजी माझ्याकडे बघून परक्या भाषेत काहीतरी बोलले.

"आपल्या भाषेत सांगा. हात जड वाटतोय?"

पुन्हा परकी.

डॉक्टर थांबले. "आपली भाषा गेली बहुतेक. गाठ अर्धी ठेवून बंद करावं लागेल." अर्धी ठेवली तर ती परत वाढणार, हे आम्हाला सांगून झालं होतं. "काय म्हणाले ते?"

"तुम्ही विचारलंत तेच," मी म्हणालो, आणि माझी ट्यूब पेटली. समोर एक माणूस, मागून दुसऱ्याचा आवाज, मध्ये भाऊजी. माणूस डोळा उघडल्यापासून कोर्टात, ड्यूटीवर होता! आणि दुभाष्याने स्वतःच्या वतीने बोलायचं नसतं.

मी घाईघाईत, सुचेल ते परक्या भाषेत बोललो.

भाऊजींनी घसा खाकरला. "डॉक्टरांचा हात थरथरतोय," ते माझंच वाक्य आपल्या भाषेत खणखणीत म्हणाले.

"अजिबात थरथरत नाहीये!"

भाऊजींनी तेही मला परक्या भाषेत ऐकवलं, वैतागासकट. नर्सने हसू लपवायला तोंड फिरवलं.

मग चित्रं बाजूला ठेवली. मी परका शब्द द्यायचा, भाऊजींनी आपला करायचा. खिडकी. दोरी. मीठ. गाठ सुटत होती. 'बायको'ला भाऊजींचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. डॉक्टरांनी तार झटक्यात उचलली.

"बायको," भाऊजी म्हणाले.

तिथला तांदळाएवढा तुकडा डॉक्टरांनी तसाच सोडला. "बाकी सगळी निघाली. थांबू या."

आता हेही परक्या भाषेत येणार म्हणून मी कान टवकारले.

"घसा सुकलाय माझा," भाऊजी म्हणाले. "आणि बाहेर ती बसलीय, तिला कुणी काही सांगितलंत का?"