अब्दुल्लाची लेक

गावाचं नाव मी सांगणार नाही. मारेगावच्या पुढे, कापसाच्या पट्ट्यात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की त्या एका गावाला नावं ठेवून बाकीची गावं हात झटकून मोकळी होतील, आणि मला कोणालाच मोकळं सोडायचं नाही.

त्या गावात स्टँडसमोर शेख चांद पिंजाऱ्याचं गादी-रजईचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, 'अंजुम गादी भांडार'. मागच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन घरघरत असते आणि पुढे फरशीवर अंजुम रजईला टाके घालत बसते. वय एकोणीस, बारावी पास, बापासारखा हात साफ. त्या गुरुवारीही ती तशीच बसली होती, फक्त रजई तिची स्वतःची होती. दहा दिवसांनी तिचा निकाह होता, कळंबच्या जुबेरशी. जुबेर जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरायचं काम करतो. पोरगा बरा, घर बरं, असं सगळे म्हणत होते.

चांदभाई मशीन बंद करून बाहेर आले आणि रोजच्यासारखे तिच्या डोक्याशी वाकून केसांत अडकलेला कापूस वेचू लागले. एकोणीस वर्षांची सवय होती ती.

"अब्बा, राहू द्या ना. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. माह्यी पोरगी हाय, त्याईची नाही."

आत चहा टाकणारी जैतूनबी हसली. तिला मूल झालं नव्हतं. मारेगावच्या बाजूला एका जिनिंगच्या आवारात परमुलखातून आलेली एक मजूर बाई बाळंतपणात गेली होती. तिचं गाव कोणतं, धर्म कोणता, नवरा कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाळ रुईच्या ढिगावर रडत पडलं होतं. जैतूनबी तिथे कापूस घ्यायला गेली आणि बाळ घेऊन आली. दोघा नवराबायकोंनी पुढे वर्षभर यवतमाळच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, कोर्टाकडून दत्तकाचा आदेश मिळवला आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, रेशन कार्डावर पोरीचं नाव लागलं, अंजुम शेख चांद. पोरीलाही हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत कोणी हूं की चूं केलं नाही.

चहा ओतून होतो न होतो तोच जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी सत्तार दुकानात आले. बरोबर मशिदीचे नवे हाफिजसाहेब होते आणि मागे चांदभाईंचा पुतण्या आरिफ. आरिफ आत आला नाही, उंबऱ्यापाशी मोबाइल चाळत उभा राहिला. काकाचं दुकान स्टँडसमोर आहे आणि काकाला रक्ताचं लेकरू नाही, हे तो कधी विसरला नव्हता.

हाजींनी अंजुमला काहीतरी आणायच्या निमित्तानं स्टँडवर धाडलं. मग म्हणाले, "चांद, एक मसला आला हाय. निकाहनाम्यात पोरीच्या बापाचं नाव लिहा लागते."

"मंग लिहा ना. शेख चांद."

"तू बाप नाहीस."

चांदभाईंनी कपबशी खाली ठेवली. हाफिजसाहेब तरुण होते, स्वरात कडवटपणा नव्हता. ते समजावू लागले की अनाथाला पाळणं मोठ्या पुण्याचं काम आहे, पण शरियतीत दत्तक नाही, पाळल्यानं वंश बदलत नाही. बापाचं नाव माहीत नसेल तर अब्दुल्ला, म्हणजे अल्लाहचा बंदा, असं लिहायची रीत आहे. पोरीचा वली, म्हणजे पालक, म्हणून चांदभाई बसू शकणार नाहीत, ते काम काझी करतील. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि चाचा, जैतूनचाचींनी तिला दूध पाजलेलं नाही, त्यामुळे दुधाचंही नातं लागत नाही. म्हणजे तुम्ही तिला परके. तिने तुमच्यासमोर पडदा करायला हवा."

जिचं हगणं-मुतणं काढलं, तापात जिला खांद्यावर टाकून वणीच्या दवाखान्यापर्यंत नेलं, त्या पोरीनं बापापासून तोंड झाकायचं! हे सांगताना एकाचीही जीभ अडली नाही. मला त्या माणसांची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

चांदभाई उठले ते थेट गनी मास्तरांकडे गेले. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. तोंडी तलाकच्या वेळी गावातल्या दोन बायकांच्या बाजूनं पोलीस स्टेशनला गेले म्हणून जमातीच्या कमिटीतून त्यांना काढून टाकलं होतं. संध्याकाळी कमिटी बसली, तिथे ते न बोलावता गेले.

"हाफिजसाहेब," मास्तर म्हणाले, "दुसऱ्याचं लेकरू आपल्या नावावर लावू नका, हा हुकूम कायले आला, हे कधी पाह्यलं का? अनाथाचा माल गिळायचा अन् त्याची ओळख पुसून टाकायची, असे लोक होते. त्याईच्यापासून लेकराचं नाव वाचवाले तो हुकूम हाय. इथे पोरीजवळ एकच नाव हाय, अन् तुमी तेच पुसून राह्यले!"

"मास्तर, दीन माझ्या घरचा नाही. मी त्यात फेरफार करू शकत नाही."

"चोराचे हात तोडा, असं मनता का तुमी? नाही. तिथे भारताचा कायदा चालते. हाजीसाहेबाचा ट्रक बँकेच्या व्याजावर आला, तिथेही चालते. बाई अन् लेकरू समोर आलं का मंगच शरियत आठवते काहून?"

हाजी सत्तार लाल झाले. "तू वर्षातून दोनदा नमाजले येतं, अन् आमाले दीन शिकवतं का?"

"मी दहादा आलो तरी तुमी उत्तर देणार नाही. माणसाचा हक्क मोठा का रीत मोठी, एवढंच सांगा."

कमिटीनं ठराव केला. अब्दुल्ला लिहिलं तर निकाह, नाहीतर इथला कोणी निकाह पढवणार नाही, कळंबच्या जमातीलाही तसं कळवलं जाईल, आणि चांदच्या मयतीला गावातला कोणी खांदा देणार नाही. हाफिजसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांनी पुस्तकं पाठ केली होती, पण चांदभाईंच्या डोळ्यांत पाहायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

खांद्याची चांदभाईंना पर्वा नव्हती. कळंबला ठराव कळला तर लग्न मोडेल, याची होती. ते उभे राहिले आणि "लिहा" म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, पोरीला सांगितलं नाही. ही त्यांची चूक. भल्या माणसांच्या अशाच चुकांवर वाईट रिवाज पोसले जातात.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंजुमच्या केसांतला कापूस वेचणं बंद केलं. "काय झालं अब्बा?" तिनं दोनदा विचारलं. त्यांनी आत जाऊन मशीन सुरू केली.

निकाहच्या दिवशी दुपारी दुकानापुढे मांडव पडला. कळंबहून तीन गाड्या आल्या. मागे चुलींवर जेवणाच्या मोठ्या देगा चढल्या. आतल्या खोलीत बायकांच्या गर्दीत अंजुम लाल ओढणीत बसली होती, शेजारी तिची वर्गमैत्रीण रुपाली आणि हाजी सत्तारची मोठी बहीण हलीमाबी. पासष्टीची हलीमाबी विधवा होऊन माहेरी आली होती. भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायची आणि सहसा तोंड उघडायची नाही.

वकील आला. हा कोर्टातला वकील नव्हे. निकाहात वधूची मर्जी विचारायला जो जातो, त्याला वकील म्हणतात. आज तो मान आरिफनं मिळवला होता. दोन साक्षीदार दारात उभे राहिले. आरिफनं कागद वाचला.

"अंजुम बिन्त अब्दुल्ला, जुबेर वल्द शेख नूर यांच्याशी तुमचा निकाह कबूल आहे?"

बिन्त म्हणजे लेक, वल्द म्हणजे मुलगा. अंजुमनं ओढणी मागे सारली.

"अब्दुल्ला कोन?"

"असं लिहा लागते. रीत हाय. कबूल मन, बाहेर लोकं थांबले."

"मी अब्दुल्लाले ओयखत नाही. मी शेख चांद पिंजाऱ्याची हाय. अब्दुल्लाची पोरगी शोधून आना अन् तिचा निकाह लावा."

आरिफनं दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा, जरा दरडावून. अंजुम उठून उभी राहिली. "कबूल नाही. तिनदा विचारलं, तिनदा आयक. कबूल नाही, कबूल नाही, कबूल नाही."

जैतूनबीनं तोंडात पदर कोंबला. बाहेर गलका झाला. हाजी सत्तार दाराशी येऊन ओरडले, "बेशरम पोट्टी! ज्या धर्मानं तुले छत देल्लं, त्याच्या कायद्यावर उलटतं?"

आणि तेव्हा हलीमाबी बोलली. आवाज फार मोठा नव्हता, पण चाळीस वर्षांचा साचलेला होता. "कायदा मले सांग, सत्तार. बाप गेला तवा पोरीचा हिस्सा शरियतीत लिहेल होता ना? भावापेक्षा अर्धा का होईना, लिहेल होता. तू माह्या आंगठा घेतला अन् मनला, बहिनी हिस्सा मागत नसतात. तवा तुह्यी शरियत कुठी गेलती?"

"म्हातारी चळली," असं काहीतरी पुटपुटत हाजी मांडवात परत गेले.

जुबेरच्या बापानं अर्ध्या तासात गाड्या वळवल्या. जुबेर खुर्चीवर सेहरा धरून बसला होता. त्यानं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. उठून चार पावलं चालला असता तर मी त्याच्यासाठी इथे चार ओळी लिहिल्या असत्या. तो बापामागे गाडीत जाऊन बसला.

मांडव रिकामा झाला. चांदभाई देगेजवळ जमिनीवर बसले होते. अंजुम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमाले माहीत होतं, अब्बा?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"तुमी मले देऊन टाकलं. कोन्या अब्दुल्लाले देऊन टाकलं."

"तुह्यं घर बसावं मनून, बेटा..."

"माह्यं घर हाय ना. हेच हाय." एवढं म्हणून ती रडायला लागली, आणि बाप तिच्याहून जास्त रडला. त्या रात्रीचं जेवण रुपालीच्या दलित वस्तीतल्या लोकांनी येऊन वाढलं आणि तेच जेवले.

जमात ठरावाच्याही पुढे गेली. दुकानावर बहिष्कार पडला. आठवडाभरात आणखी एक गंमत झाली. तालुक्याचा एक पुढारी कॅमेरावाला घेऊन दुकानात आला. कपाळाला टिळा, तोंडभर सहानुभूती. "ताई, तुमच्या समाजात बायांवर किती जुलूम होतो ते सांग. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत."

अंजुमनं टाका न थांबवता विचारलं, "तुमच्या पुतणीनं रुपालीच्या भावाशी लगन केलं, तवा तिले घरात कोंडलं कोनी? आधी तिचं कुलूप काढा, मंग माह्यी मुलाखत घ्या." कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. माझ्या वाचकांपैकी ज्यांना आतापर्यंत ही गोष्ट दुसऱ्याच्या घरची म्हणून गोड लागत होती, त्यांनीही आपापल्या घरातली कुलपं एकदा पाहून यावीत.

पंधराव्या दिवशी कळंबहून जुबेरचा फोन आला. पोरीनं कमिटीपुढे माफी मागितली तर अब्बा तयार आहेत, म्हणाला. अंजुमनं सांगितलं, "यवतमाळले नोंदणीच्या कचेरीत लगन लागते. फारमात बापाचं नाव लिहाची जागा हाय. तिथे शेख चांद लिहू देत असशील तर ये." तो अजून आलेला नाही. ती वाट पाहत बसलेली नाही.

काल सकाळी मी दुकानात होतो. गनी मास्तर कोपऱ्यात पेपर वाचत होते. अंजुम फरशीवर रजई शिवत होती, आणि चांदभाई रस्त्याकडे तोंड करून, सगळ्या स्टँडला दिसेल असे, तिच्या केसांतला कापूस एकेक वेचत होते. समोरून हाफिजसाहेब चालले होते. ते थबकले. कापूस वेचणाऱ्या बोटांकडे त्यांनी पाहिलं आणि पुढे गेले.

इतक्यात हलीमाबी आली. हातात घडी घातलेला कोरा कागद होता. ती धापा टाकत फरशीवर बसली.

"पोरी, तुले लिहिता येते ना? तहसीलदाराले अर्ज लिहाचा हाय. माह्या हिश्श्याचा. आंगठा घेतला तवा मले वाचून कोनीच दाखवलं नव्हतं."

मास्तरांनी पेपर बाजूला ठेवला. "हलीमाआपा, भाऊ घराबाहेर काढीन तुमाले."

"काढू दे. जैतून मनली, इथे जागा हाय."

अंजुमनं सुई रजईत टोचून ठेवली, पेन घेतला आणि वर अर्जदाराचं नाव लिहिलं. मग थांबून तिनं विचारलं, "खाला, बापाचं नाव काय लिहू?"

म्हातारीनं पदर सावरला. चाळीस वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"शेख इमाम," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही. अन् खाली अर्ज लिहिनारीचंही लिही, तुह्यं. बापाच्या नावासकट."