पाच पिशव्या चीक

प्रणिताबाईंनी आयुष्यात चोरी अशी एकदाच केली, आणि तीही पोटच्या मुलीच्या फ्रीजरमधून. करताना मात्र ती चोरी आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. मुलीचं ते आईचं, असं म्हणून त्यांनी पाच पिशव्या उचलल्या, कूलरमध्ये भरल्या आणि गाडीत टाकल्या.

मुलगी म्हणजे उपासना. शॉमबर्गमध्ये जन्मली, वाढली, शिकागोच्या एका काचेच्या इमारतीत अकाउंटंट झाली, आणि एके दिवशी सगळं सोडून फ्रीपोर्टच्या पलीकडे वासरं वाढवायला गेली. डेअरीच्या गाई हल्ली मांसाच्या जातीच्या वळूच्या रेतानं भरवतात. त्यातून होणारी काळीभोर वासरं डेअरीवाल्यांना दुधाच्या कामाची नसतात. उपासना ती एक-दोन दिवसांची असताना आणायची, बाटलीनं दूध पाजून जगवायची आणि चांगली थोराड झाली की आयोवातल्या मोठ्या गोठ्यांकडे पाठवायची. तिथून पुढे ती कुठे जातात, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

तिनं नोकरी सोडली तेव्हा तिचे वडील, पंडितराव, दोन दिवस तोंड उघडून बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "माझ्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवसापासून गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. त्यापायी गावानं आमचं पाणी तोडलं, पण तो हटला नाही. ही पोरगी स्वतःच्या मालकीची जितीजागती जनावरं सांभाळते, आणि तेही आपल्या मर्जीनं. करू दे तिला." त्यानंतर प्रत्येक शनिवार-रविवार नवराबायको शेतावर हजर. पंडितराव दोन साइझ मोठे गमबूट घालून पेंढा पसरायचे आणि प्रणिताबाई बाटल्या धुवायच्या. आपल्याला मात्र लेक अजून पाहुणीच समजते, बाटल्या धुण्यापलीकडे काही सोपवत नाही, ही सल प्रणिताबाईंच्या मनात होती.

एका रविवारी बाटल्या ठेवायला गेल्या असतानाच त्यांना तो फ्रीजर दिसला. आत तळाशी पाच चपट्या पिशव्या, आणि त्यात पिवळाधमक, घट्ट, गोठलेला चीक! ताज्या व्यालेल्या गाईचा, पहिल्या धारेचा. प्रणिताबाई फ्रीजरचं झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या. तीस वर्षं अमेरिकेत काढली, पण खरवस खायचा तर भारतात जाऊन. इथे बायका कंडेन्स्ड मिल्क, दही आणि दुधाची पावडर घालून जे काही करायच्या, त्याला खरवस म्हणणं म्हणजे खरवसाची बदनामी होती. उपासना त्या वेळी लांब कुंपण दुरुस्त करत होती. गोठ्यातली वासरं तर दोन-दोन महिन्यांची होऊन दाणा खाऊ लागली होती. चीक लागतो पहिल्या दिवशी, मग हा उरलेलाच म्हणायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. नवी वासरं येतच राहतात हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात वेलची आणि जायफळ याखेरीज कशाला जागाच उरली नव्हती.

त्याच संध्याकाळी शॉमबर्गला मैत्रिणीच्या, उल्काच्या घरी जेवण होतं. तिथे प्रणिताबाईंनी दसऱ्याचं सोनं वाटावं तसा चीक वाटला. एक पिशवी उल्काला, एक मीराला, एक स्वतःला ठेवली आणि दोन मृणालिनीला. मृणालिनीला दोन, कारण ती जिवाभावाची. उपासनाचा जन्म झाला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता, आणि डिंकाचे लाडू घेऊन तो तुडवत आली होती ती हीच मृणालिनी.

आणि नेमकं तिच्याशीच वाजलं. जेवताना विषय निघाला तशी ती म्हणाली, "पण काय गं प्रणिता, एवढं बाटलीनं दूध पाजायचं, मोठं करायचं आणि मग कसायाकडे धाडायचं? उपासनाला काहीच वाटत नाही?"

"तुझा लेक कुशल आवडीनं बर्गर खातो, तो काय झाडाला लागतो?" प्रणिताबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मृणालिनीचा चेहरा लाल झाला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला काय, तुमच्यात चालतं."

तुमच्यात. इतक्या वर्षांत हा शब्द दोघींच्या मध्ये कधी येऊन बसला नव्हता. प्रणिताबाईंनी ताट बाजूला ठेवलं, पर्स उचलली आणि पंडितरावांना श्रीखंड अर्धवट टाकायला लावून घरी आल्या. त्यानंतर आठवडाभर दोघींचा फोन नाही, मेसेज नाही. प्रणिताबाईंनी खरवस केला, पण तो खाल्ला पंडितरावांनीच.

पुढच्या रविवारी उपासना ट्रेलर घेऊन विस्कॉन्सिनला नवी वासरं आणायला गेली. जाताना म्हणाली, "आई, आज शेड तू बघ." आजवर असं कधी झालं नव्हतं. प्रणिताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या.

बाराच्या सुमारास तिचा फोन आला.

"आई, लिसन. पाच घेतली, आणि एक एक्स्ट्रा. तो आज पहाटेच जन्मलाय आणि त्याला कोलोस्ट्रम, म्हणजे चीक, मिळालेलंच नाही. सगळं कालवडींना पाजलं डेअरीवाल्यांनी. ही इज सो वीक, आई. तू फ्रीजरमधल्या दोन बॅग्ज काढून कोमट पाण्यात ठेव. गरम नाही हं, कोमट! गरम केलं की त्यातल्या अँटीबॉडीज मरतात, मग त्याचा काही उपयोग नाही."

प्रणिताबाईंनी विचारलं, "अगं, ती पावडर असते ना तुझ्याकडे?"

"संपली. मंगळवारी येईल. थँक गॉड फ्रीजर आहे. मी तीनपर्यंत पोचते. आजच्या आज पोटात गेलं पाहिजे, उद्या देऊन फायदा नाही. पहिल्याच आजारात जाईल तो."

सांगायला हवं होतं. प्रणिताबाईंनी तोंड उघडलंही. पण पलीकडून "आय ट्रस्ट यू, आई" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

पंडितराव पेंढ्याचा भारा घेऊन आत आले. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी भारा खाली टाकला. "काय झालं?"

"मी खरवस केला," प्रणिताबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"छान झाला होता की!"

सगळं कळल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. मग शेजारच्या डेअरीवाल्या डेलला फोन केला. त्याच्याकडे त्या आठवड्यात एकही गाय व्यायली नव्हती. प्रणिताबाईंनी उल्काला फोन लावला. उल्का हौसेनं सांगू लागली, "अगं कालच केला! केशर घातलं, काय जमलाय म्हणून सांगू! ग्रुपवर फोटो नाही पाहिलास?" मीराची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा मुलगा अनुप जिमला जायचा. चिकानं मसल्स होतात असं त्यानं कुठेतरी वाचलं आणि अख्खी पिशवी केळ्याबरोबर मिक्सरमधून काढून दोन दिवसांत पिऊन टाकली.

"आता राहिली मृणालिनी," पंडितराव म्हणाले.

"तिला मी फोन करणार नाही."

शेडच्या कोपऱ्यात पंडितरावांनी नव्या वासरासाठी पेंढा घालून ठेवला होता, वर उबेचा दिवा लावला होता. तिकडे ते बघत राहिले. प्रणिताबाईंनीही बघितलं. अपमान झाला होता, खोटं कशाला बोला, आणि तो अजून दुखत होता. पण ज्याचा घास आपण वाटून टाकला ते लेकरू ट्रेलरमध्ये उपाशी पडून आपल्याकडेच येत होतं. त्याला यांच्या मानापमानाचं काय? त्यांनी फोन उचलला.

पहिल्याच घंटीला मृणालिनीनं घेतला.

"तो चीक," प्रणिताबाई म्हणाल्या. "केलास का खरवस?"

"नाही."

"टाकून दिलास?"

"वेडी आहेस का? फ्रीजरमध्ये आहे. दोन्ही पिशव्या तशाच आहेत." मृणालिनीचा आवाज जड झाला. "रोज काढायची आणि परत ठेवायची. तुझ्याशी भांडून तो खरवस माझ्या घशाखाली उतरणार होता का? त्या दिवशी मी जे बोलले ना प्रणिता, ते फार वाईट बोलले. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माणसाला अक्कल तर असते. आठ दिवस फोन हातात घेते आणि ठेवते. माफ कर गं मला."

प्रणिताबाईंना जे ऐकायचं होतं ते सगळं त्यांनी ऐकलं, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "लागलं मला ते. फार लागलं. त्याचं आपण नंतर बोलू, नीट बसून बोलू. आत्ता त्या दोन पिशव्या घे आणि गाडीत बस."

"एवढ्या लांब? मी हायवेवर एकटी ड्राइव्ह नाही करत, तुला माहितीये."

"आज कर."

तीनला ट्रेलर आला. उपासनानं पाच वासरं चालवत आत नेली आणि सहावं दोन्ही हातांवर उचलून आणलं. काळं, ओलसर, लांबच लांब पाय खाली लोंबत होते. कपाळावर पांढरा ठिपका. पेंढ्यावर ठेवल्यावर त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आई, बॅग्ज?"

प्रणिताबाईंनी सगळं सांगून टाकलं. एकही गोष्ट लपवली नाही, केळ्याचा शेकसुद्धा सांगितला. उपासना ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "यू एट इट? आई, मी ते यांच्यासाठी ठेवते. दे हॅव नो मदर हिअर. दॅट्स ऑल दे गेट."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. प्रणिताबाईंना मान वर करवेना. तेवढ्यात बाहेर खडीवर गाडी वाजली. ती आली, चुकली, मागे गेली, पुन्हा आली, आणि शेवटी शेडच्या दारात तिरकी थांबली. मृणालिनी उतरली. ऑफिसातून रिटायर होताना मिळालेला भारी कोट अंगावर, पायात मऊ कातडी बूट, आणि शेजारच्या सीटवर कूलर, सीटबेल्ट लावून बसवलेला.

"ट्रक केवढाले गं असतात त्या रस्त्यावर!" एवढंच ती बोलली.

उपासनानं कोमट पाण्यात पिशव्या सोडल्या. पंडितराव पाण्यात थर्मामीटर धरून बसले. चीक पातळ झाला, बाटलीत भरला. वासरू काही बाटली धरेना. उपासना घशातून थेट पोटात पाजायची नळी आणायला उठली, तशी प्रणिताबाई म्हणाल्या, "थांब, एकदा मला बघू दे." त्यांनी चिकात बोट बुडवून त्याच्या तोंडात घातलं, टाळूवर हळूच फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा घातलं. लेकीला हे करताना त्यांनी बाटल्या धुता धुता कितीदा पाहिलं होतं. मृणालिनी भारी कोटासकट पेंढ्यात बसली आणि तिनं वासराची मान मांडीवर घेतली. तिसऱ्या वेळी त्यानं बोट ओढलं. प्रणिताबाईंनी बोटाच्या जागी बाटली सरकवली. त्याच्या गळ्याखाली घोट हलला. मग दुसरा. मग ते जे सुटलं ते बाटली रिकामी होईपर्यंत थांबलं नाही. फेस मृणालिनीच्या कोटावर सांडला.

"बाई गं, केवढी ओढ आहे याला!" ती हसत होती आणि रडतही होती. "याचं नाव काय?"

"नाव नाही ठेवत आम्ही, काकू," उपासना म्हणाली. "फक्त टॅग नंबर. इट्स मीट, शेवटी. पानगळीत जाईल तो आयोवाला. मी तुमच्याशी खोटं नाही बोलणार."

मृणालिनी त्याच्या कपाळावरचा ठिपका कुरवाळत राहिली. "मला नाही पटत हे," ती म्हणाली. "उद्याही पटणार नाही. पण इथे आहे तोवर त्यानं उपाशी का राहायचं? दुसरी बाटली आण."

दुसरी बाटली तासाभरानं अर्धीच गेली, पण गेली. अंधार पडायच्या आत पंडितराव मृणालिनीची गाडी चालवायला बसले आणि ती शेजारी. प्रणिताबाई शेतावरच राहिल्या. रात्री जेवताना उपासनानं विचारलं, "आई, खरवस लागतो कसा? मी कधी खाल्लाच नाही."

ज्या पोरीच्या घरी चीक होता तिलाच कुणी चमचाभर दिला नव्हता. "तुला विचारायलाच हवं होतं गं मी," प्रणिताबाई म्हणाल्या.

"हो. विचारायचं," उपासना म्हणाली. "डेलकडे गाय व्यायल्यावर दोन दिवसांनंतरचं जे दूध निघतं ते वासरांना तितकं लागत नाही. ते मी मागून आणेन. मग कर." आणि तिनं आईच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "सकाळची फीडिंग तू कर. त्याची पण."

सकाळी प्रणिताबाई शेडचं दार उघडत होत्या तोच खिशात फोन वाजला. उपासना मागे बाटल्यांची टोपली घेऊन उभी होती. फोन मृणालिनीचा होता. हॅलो नाही, काही नाही.

"उठला का गं?"

"कोण?" प्रणिताबाईंनी मुद्दाम विचारलं.

"कोण काय? आपला."

आपला. प्रणिताबाईंनी आत पाहिलं. उबेच्या दिव्याखाली ते चारही पायांवर उभं होतं, थरथरत, आणि दाराकडे बघून भुकेनं ओरडत होतं. त्यांनी उपासनाकडे पाहिलं. ती नाव ठेवू नका म्हणाली नाही. तिनं नुसती बाटली पुढे केली.

"उठलाय," प्रणिताबाई फोनमध्ये म्हणाल्या. "ऐकतेस ना? आपलाच ओरडतोय."