पांघरुण्याचे सहा जन्म

मी पडदा बोलतोय. थिएटरचा. रुंदी बत्तीस फूट, उंची चौदा. खिडकीच्या पडद्यांनी मध्ये बोलू नये.

सत्तावीस वर्षं माझ्या अंगावर दुसरेच बोलले. मी गप्प राहिलो. आता कोणी बोलत नाही, म्हणून माझी पाळी.

शिक्षण नाही. पिक्चरच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या माझ्यावरच उमटत, पण मला त्या कधी वाचता आल्या नाहीत. त्याचं वाईटही वाटलं नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पडदा पिक्चर बघत नाही. पिक्चर पडद्यावर पडतो. पडदा समोर बघतो, आणि समोर माणसं असतात. पिक्चरमध्ये काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळतं. माणसांबद्दल मी बोलेन ते खरं धरून चालावं.

मला जाड प्लास्टिकच्या कापडाचे उभे पट्टे जोडून बनवलं. मग यंत्राने अंगभर भोकं पाडली, सुईच्या टोकाएवढी. कर्णे माझ्या पाठीमागे असतात. आवाज माझ्यातून पुढे जायला नको का? पहिल्या रांगेतल्या माणसालाही ही भोकं दिसत नाहीत. दोऱ्या ओवून मला लोखंडी चौकटीत चारी बाजूंनी ताणलं, तेव्हा ऑपरेटर खाली उभा राहून म्हणाला, "एक सुरकुती दिसली तर परत उतरवीन." दिसली नाही. सत्तावीस वर्षांत दिसली नाही.

थिएटर लहान. खाली बारा रांगा, वर सज्जा. माणसंही मोजकी. मशीनच्या खोलीत ऑपरेटर. दाराशी बॅटरी घेऊन मामा. ते कोणाचे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणे. आणि मालक. मालक वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला प्रत्येक नवीन गोष्ट चांगली वाटायची.

मला लावून तीन महिने झाले होते तेव्हा पहिला पांघरुण्या आला.

पिक्चरमध्ये त्याचं नाव मोठं भारदस्त आहे. आमच्याकडे कोणी ते उच्चारलं नाही. पाठीवर लाल पांघरूण बांधून उडतो तो पांघरुण्या. सुरुवातीला साधा पोरगा असतो. गुंड त्याच्या बापाला गोळी घालतात. बाप पोराच्या मांडीवर डोकं ठेवून पाच मिनिटं उपदेश करतो आणि मरतो. मग पोराच्या अंगात वीज शिरते. तो छपरावरून तीनदा पडतो, चौथ्यांदा उडतो.

तो चौथ्यांदा उडाला तेव्हा बारा रांगा उभ्या राहिल्या. सज्ज्यातली माणसं कठड्यावर वाकली. मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण त्या टाळ्यांनी माझ्या दोऱ्या थरथरल्या.

त्याच दिवशी मला जखम झाली. तिसऱ्या रांगेच्या कडेला पंक्चरवाले काका बसले होते. शेजारी त्यांचा सात वर्षांचा मुलगा. गुंडाने गोळी झाडली आणि या मुलाने पायातली चप्पल काढून गुंडाच्या तोंडावर मारली. गुंडाला काही झालं नाही. चपलेचं बक्कल माझ्या डाव्या कोपऱ्यात घुसलं आणि मी वीतभर फाटलो.

मालक ओरडला. मामांनी मुलाचा कान धरला. काका म्हणाले, "कान सोडा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपली पेटी घेऊन आले. शिडी लावून माझ्या मागे चढले. कानशीने कडा खरवडल्या, रबराचं सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं आणि ट्यूबचं गोल ठिगळ तळहाताच्या टाचेने दाबून बसवलं. मुलगा खाली शिडी धरून उभा होता.

"बाबा, हवा नाही ना जाणार?"

"सायकल आहे का ही? धर नीट."

पुढून त्याला पांढरा रंग दिला. तरी पडद्यावर निळं आकाश आलं की त्या जागी पुसट गोल दिसे. लोकांना त्याची सवय झाली. नवीन माणूस विचारायचा, ते काय आहे? जुना सांगायचा, तो काकांचा चंद्र आहे.

मला त्या ठिगळाची लाज वाटली नाही. त्या मुलाला खरोखर राग आला होता. एवढा राग यावा असं काहीतरी त्या दिवशी माझ्यावर दिसलं होतं.

पाच वर्षांनी दुसरा पांघरुण्या आला. मला वाटलं, आता हा पुढे काय करतो ते कळेल. लग्न करतो का? दमतो का? तर नाही. नवीन नट, नवीन पांघरूण, आणि गोष्ट परत पहिल्यापासून. बाप परत जिवंत. या वेळी आगीत मेला. तिसऱ्यात पुलावरून गाडी कोसळून मेला. चौथ्यात परत गोळी, पण पावसात. पाचव्यात बाप मेलाच नाही असं वाटलं, आणि मग मेला. उपदेश प्रत्येकाने केला. छपरावरून प्रत्येक पोरगा तीनदाच पडला.

मी समोर बघत होतो. दुसऱ्या पांघरुण्याला टाळ्या होत्या. तिसऱ्याला शिट्ट्या होत्या, पण थट्टेच्या. चौथ्याच्या वेळी छपरावरचा प्रसंग आला आणि माझ्यासमोर चाळीस-पन्नास मोबाइल पेटले. माणसं माना खाली घालून बसली होती. चप्पल तर सोडाच, कोणी शेंगदाणाही फेकला नाही. राग आला असता तर मी सहन केलं असतं. त्यांना कंटाळा आला होता.

मग आमच्याकडे एक पद्धत पडली. दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पांघरुण्याचा पिक्चर लागला की लोक तिकीट काढायचे आणि आत यायचेच नाहीत. बाहेर चहाच्या टपरीपाशी गप्पा मारत उभे राहायचे. आत रिकाम्या खुर्च्यांसमोर बाप उपदेश करून मरायचा. मग मामा दारातून मान बाहेर काढून हाक द्यायचे, "गेला रे बाप! चला आत!" की सगळे पेले ठेवून आत.

औषधाच्या दुकानातला कंपाउंडर म्हणायचा, "मामा, माझ्या स्वतःच्या बापाची जन्मतारीख मला आठवत नाही. याचा बाप किती मिनिटांनी मरतो ते मात्र पाठ आहे."

या सगळ्यांत पुढे कोण? चप्पल मारणारा तो मुलगा. आता तो टायरवाला झाला होता. काकांचं दुकान त्याने वाढवलं होतं, ट्रकचे टायर बसवत होता. टपरीवरून त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. "मामा, मेला का? का अजून बोलतोय?" आणि सगळी टपरी हसायची. काकाही हसायचे. काका मात्र आत बसून सगळं बघायचे, तिसऱ्या रांगेत कडेला. म्हणायचे, पैसे पूर्ण पिक्चरचे दिलेत.

सहावा पांघरुण्या लागला, तेव्हा मालकाने मशीनच्या खोलीत येऊन सांगितलं की सातवा पुढच्या वर्षी येतोय आणि तो चष्मा लावून बघायचा आहे. त्याला चंदेरी रंगाचा पडदा लागतो. कंपनीची अट आहे.

"सातव्यात काय आहे?" ऑपरेटरने विचारलं.

"परत पहिल्यापासून. पण या वेळी अंगावर आल्यासारखं दिसणार."

"म्हणजे बाप लोकांच्या मांडीवर मरणार."

"तुला काही कळत नाही. जग पुढे चाललंय."

"मालक, जग पुढे गेलं असेल. हा पोरगा सत्तावीस वर्षं छपरावरच आहे."

मालक हसला, पण ठरलं ते ठरलं. सहाव्याचा शेवटचा खेळ झाला की मला उतरवायचं. एका ट्रकवाल्याने मला मागून ठेवलं होतं, मालावर टाकायला ताडपत्री म्हणून. माझ्या अंगाला भोकं आहेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर सांगणार नव्हतोच.

हे टायरवाल्याच्या कानावर गेलं. काकांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. छातीचा आजार, आठ दिवस इस्पितळात. सहावा पिक्चर लागल्यापासून टायरवाला थिएटरकडे फिरकला नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी तो आला आणि मालकासमोर उभा राहिला.

"डाव्या कोपऱ्यात बाबांनी लावलेलं ठिगळ आहे. तेवढा तुकडा द्या मला."

"अरे, ट्रकवाल्याला अख्खा देतो म्हणून शब्द दिलाय. खिडकी पाडून देऊ का त्याला?"

"एवढुसा तुकडा आहे."

"दुसरं काहीही माग. खुर्ची ने काकांची."

"खुर्ची बाबांनी केलेली नाही," टायरवाला म्हणाला.

तो परत गेला नाही. तिकीट काढलं आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच आत येऊन काकांच्या खुर्चीत बसला. एकटा. बाकी सगळे पद्धतीप्रमाणे टपरीवर. मामा जाऊन शेजारच्या खुर्चीत टेकले.

"शेवटी काही बोलले का काका?"

"बोलले. दुकानाला कुलूप लावलंस का, म्हणाले."

"मग?"

"लावलं होतं. तसं सांगितलं त्यांना."

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराशी गेले. अंधार झाला. सहावा पांघरुण्या सुरू झाला.

या सहाव्यात बनवणाऱ्यांना काय सुचलं होतं कोण जाणे, बाप खाटेवर मरतो. ना गोळी, ना आग. इस्पितळाची खाट, बाजूला मुलगा. पाच आठवडे हा प्रसंग रोज माझ्यावर पडत होता आणि बघायला फक्त मामा. टायरवाल्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत होतो. माझा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. पडद्यावरचा बाप उपदेश करू लागला. हा काही हलला नाही. आवाज न करता रडत होता. टायर उचलणारे ते हात खुर्चीवरून सुटले नाहीत.

मामांनी हाक मारायची वेळ आली. लोकांना खुर्च्या सापडाव्यात म्हणून ते बाप मरायच्या जरा आधीच हाक देत.

मामांनी मान बाहेर काढली. तोंड उघडलं. मिटलं. परत आत बघितलं.

बाहेर माणसं ताटकळली होती. शेवटी कंपाउंडर आला. "काय मामा, आज मरतो की नाही? चहाचा दुसरा पेला झाला."

मामांनी त्याच्या तोंडासमोर हात धरला. "हळू बोल. टायरवाला आत बसलाय."

कंपाउंडरने डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. खाट बघितली. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि तसाच आत आला. त्याच्यामागे एकेक करून सगळे आले. बॅटरी नाही, धक्काबुक्की नाही. सज्ज्यात मालक शेवटचा खेळ म्हणून येऊन बसला होता. तोही कठड्यावर वाकला.

बाप अजून बोलत होता. कितीतरी वर्षांनी बारा रांगांनी त्याला मरू दिलं. एकही मोबाइल पेटला नाही. पोरगा छपरावरून तीनदा पडला, चौथ्यांदा उडाला, निळं आकाश आलं आणि डाव्या कोपऱ्यात काकांचा चंद्र दिसला. पांघरुण्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळी डोकी डावीकडे वळली होती.

मी मनात म्हटलं, बघा, पांघरुण्याचा बाप गेला की तो उडतो. काका गेले तेव्हा हा उडाला नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्याने दुकान उघडलं. हे कोणी कधी माझ्यावर दाखवलं नाही.

खेळ संपला. दिवे लागले. मालक खाली आला. हातात पातं होतं, पोस्टर कापायचं.

"घे. हवा तेवढा काप. ट्रकवाल्याचं मी बघतो. नाहीतरी याला भोकं आहेत."

टायरवाला शिडीवर चढला. पातं माझ्या अंगाला टेकलं. थंड होतं. मी पुष्कळ सोसलं आहे, हेही सोसलं असतं. त्याने ठिगळावरून बोट फिरवलं. एकही कड सुटली नव्हती. सत्तावीस वर्षांत सुटली नव्हती.

तो खाली उतरला आणि पातं मालकाच्या हातात दिलं.

"त्यांनी सांधलं, ते मी कापू? अख्खाच नेतो."

"बत्तीस फुटांचा आहे रे. ठेवशील कुठे?"

"बघतो," तो म्हणाला. अगदी काकांसारखं.

ऑपरेटरने स्वतः माझ्या दोऱ्या सोडल्या. गुंडाळताना म्हणाला, "सुरकुती पडू देऊ नका."

आता मी टायरच्या दुकानामागच्या अंगणात असतो. लांबच लांब भिंतीला मला ताणून बांधलं आहे. उन्हापावसाने जरा पिवळा पडलो आहे, पण ताठ आहे. ठिगळ टायरवाल्याच्या हाताशी येतं. काम करता करता तो कधी त्यावर टेकतो. दुपारनंतर ऊन तिरपं झालं की माणसांच्या, चाकांच्या सावल्या माझ्यावर पडतात. कोणी जॅक लावतो, कोणी भांडतो, कोणी नुसताच थांबतो. रोज वेगळं असतं, आणि मधूनच सुरू होतं. सुरुवात कोणी विचारत नाही.

थिएटरात चंदेरी पडदा लागला. सातवा पांघरुण्या येऊन गेला. मामा सांगत होते, लोक चष्मे डोक्यावर चढवून टपरीवर उभे होते.

पिक्चर बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तो सहा वेळा तरुण झाला आणि मी एकदाच म्हातारा झालो. त्यालाही एकदा होऊ द्या. त्याचे गुडघे दुखू द्या. त्याच्या मुलाला त्याच्या शेजारी बसू द्या, आणि त्याला शेवटी कुलपाचं विचारू द्या. मग लोक वेळेवर आत येतात की नाही ते बघा.

आणि तुमच्या चंदेरी पडद्याला ते जमलं नाही, तर इकडे घेऊन या. दुकान सातला उघडतं. मी जागेवरच आहे.