वैद्यबुवांच्या पोटातले घराणे

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे घराण्याने. माझे स्वतःचे वय विचाराल, तर मी आज सकाळीच जन्मलो. पण आमच्यात एकाचे दोन होतात, त्यामुळे पूर्वजांचे सारे मी माझेच म्हणून सांगतो.

वैद्यबुवा जन्मले तेव्हा आम्ही त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आलो आणि त्यांच्या मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकला. जागा अंधारी असली तरी शेजार भरपूर.

माझे काम ज्येष्ठमधाचे. या मुळीतले औषध साखरेच्या गाठीत बांधलेले असते आणि तसेच्या तसे ते रक्तात फारसे शिरत नाही. आम्ही ती गाठ सोडतो. साखर ही आमची मजुरी, औषध पुढे अंगाला लागते. मुळीची पारख मात्र वैद्यबुवांनीच करावी! प्रत्येक कांडी मोडून बघत आणि आतून पिवळीधमक नसली तर सरळ बाजूला टाकत. लोक म्हणत, "वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे." रोग्यांच्या पोटातले आमचे भाऊबंदही राबत असत, पण आम्ही सगळे करूनसवरून नामानिराळे.

मग एकदा वैद्यबुवांची दाढ सुजली. सूज डोळ्यापर्यंत चढली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी जंतुनाशक गोळ्या दिल्या. त्या हव्याच होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुक्याबरोबर ओलेही जळते. माझे गणगोत गेले. मी आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या, चिंचोळ्या कोपऱ्यात दडून कसाबसा जगलो.

पुढे वैद्यबुवांना पोटात जळजळ सुरू झाली. त्यांनी आपलाच ज्येष्ठमधाचा काढा घेतला, पण गुण येईना. मुळी जुनी निघाली असेल म्हणून त्यांनी नवी आणली, मग काढा दुप्पट कडक केला. गाठी सोडायला कोपऱ्यात दडलेल्या माझ्याशिवाय कोणी नव्हतेच. एवढा कडक काढा उरल्यासुरल्या शेजाऱ्यांनाही सोसेना.

एका दुपारी ते बायकोला म्हणाले, "दवाखाना बंद करतो. जे मलाच लागू पडत नाही, ते लोकांना कोणत्या तोंडाने देऊ?"

"आधी दोन घास खा," ती म्हणाली, "मग काय बंद करायचं ते करा."

तिनेच मुलीला बोलावून घेतले. मुलगी प्रयोगशाळेत आतड्यांतल्या जिवाणूंचा अभ्यास करते.

"बाबा, दाढेच्या गोळ्यांआधी काढा लागू पडायचा ना?"

"दर वेळी."

"मग काढा खोटा नाही. तो पचवून औषध मोकळं करणारे जंतू बहुतेक गोळ्यांनी गेलेत. मात्रा वाढवून काय होणार? उलट अति ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढेल."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या हाताला गुण नव्हताच?"

"होता की. पण हात एकटा नव्हता."

मला वाटले, आता वैद्यबुवा कायमचे खचणार. तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांना खायला काय आवडतं?"

मित्रांनो, असा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला नव्हता. मला भरून आले.

"डाळी, भाज्या, सालासकट फळं," मुलगी म्हणाली. "पण परत येतीलच याची खात्री नाही हं."

त्यांनी काढा थांबवला आणि आमच्यासाठी जेवू लागले. मी कोपऱ्यातून बाहेर आलो. एकाचे दोन, दोनाचे चार झालो. पुढे मुलीला विचारून त्यांनी थोडासा काढा घेतला. मी पहिली गाठ सोडली, तेव्हा आनंदाने वेडा झालो होतो.

"अगं, जळजळ थांबली!" ते ओरडले.

"मग दवाखान्याचं दार उघडा. लोक ताटकळलेत बाहेर," आतून बायकोचे उत्तर आले.

आता औषध देण्यापूर्वी ते प्रत्येकाला विचारतात, "अलीकडे कोणत्या गोळ्या घेतल्यात? आणि जेवता काय?"

मित्रांनो, गोळ्या डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढ्याच घ्या, काढाही मनाने वाढवू नका. आणि ताटात आमचाही घास असू द्या.

परवा एक आजी म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुमच्या हाताला गुण आहे हो!" वैद्यबुवा हसले आणि त्यांनी तो हात हळूच स्वतःच्या पोटावर ठेवला.