कोऱ्या पाकळ्या

दर्शनने चीनहून मोबाईलवर एक चित्र पाठवलं आणि त्याच्या बायकोने, वेदिकाने, रत्नागिरीत जाऊन त्याची मोठी प्रिंट काढून आणली, तेव्हाच मथुराबाईंनी नाक मुरडलं. डहाळीवर नऊ फुलं, प्रत्येक फुलाला नऊ पाकळ्या, सगळ्या कोऱ्या. असलं फूल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

दर्शनची बोट दुरुस्तीसाठी उत्तर चीनमधल्या गोदीत अडकली होती. तिथे समुद्रसुद्धा गोठतो म्हणे. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसापासून लोक रोज एक पाकळी लाल रंगवतात. चित्र भरलं की थंडी सरली. तेव्हाच दर्शनही येणार होता.

सून रोज चहाआधी ब्रश घेऊन भिंतीपुढे उभी राहू लागली. मथुराबाईंना ते बघवेना. त्यांचाही नवरा जन्मभर बोटीवर होता. त्यांनी कधी भिंत रंगवली नाही. आणि घालवायची ती काय, तर थंडी? दिवाळीनंतर पहाटे अंगावर काटा आला की त्यांच्या सासूबाई बागेतल्या आंब्याच्या कलमांकडे बघून हात जोडायच्या. थंडी पडली तर मोहोर, मोहोर आला तर आंबा. बिचारी पाहुण्यासारखी दोन महिने येते, आणि ही बया तिला रोज दार दाखवतेय.

"बर्फच बघायचा असेल तर फ्रीज उघड गो," त्या म्हणाल्या. वेदिका ब्रश धूत राहिली.

तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. यंदा आंबा धरला तर घरी राहून बाग बघेन, नाहीतर तिथूनच बोटीचा पुढचा करार घेईन, असं दर्शन सांगून गेला होता. मोहोर छान आला. जानेवारीत कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या.

मग फेब्रुवारी उजाडला आणि थंडी हलेना. ज्या डहाळ्यांवर कैऱ्या होत्या त्यांच्यावरच पुन्हा मोहोर फुटला. झाड नव्या मोहोराचे लाड करू लागलं आणि आधीच्या कैऱ्या पिवळ्या पडून गळू लागल्या. मथुराबाईंनी थंडीला अशा शिव्या घातल्या, की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले असते. एका सकाळी वेदिका आंघोळीला गेलेली बघून त्यांनीच ब्रश उचलला आणि एक पाकळी भरली. रंग रेघेबाहेर गेला. वेदिकाने ते पाहिलं आणि ती नुसती हसली. बोलली असती तर कमी लागलं असतं.

दर्शनचा फोन आला. त्याने आधी बागेचंच विचारलं. वेदिकाच्याने सांगवेना; तिने फोन सासूच्या हातात दिला.

"गळल्या," मथुराबाई म्हणाल्या. "निम्म्याच्या वर."

तो पलीकडून कराराचं काहीतरी पुटपुटला.

"बायकोला काय कैरीच्या देठाला बांधून गेलास? मी झाडं राखली ती फक्त आंब्याच्या वर्षी नाही राखली. यायचं तर ये. नाहीतर बस तिकडेच बर्फ मोजत."

उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन परत दिला.

मार्चमध्ये चित्र भरत आलं. दर्शन हो म्हणाला नव्हता, नाहीही नाही. वेदिकाने शेवटच्या पाकळीकडे ब्रश नेला तसा मथुराबाईंनी तिचा हात धरला.

"ही त्याला ठेव. नाही आला तर राहील कोरी. भिंतीला काही जड होत नाही."

आठवड्याने दर्शन रिक्षातून उतरला. चपला काढता काढता म्हणाला, "करार नाही घेतला, आई."

"उपकार केलेस," त्या म्हणाल्या. "हात धू आणि ती पाकळी भर. रेघेबाहेर जाऊ नकोस, तो मान माझा आहे."